शेरडांची बाजू

भाचीने मला तो प्रश्न विचारला तेव्हा आम्ही दोघी अकोल्याला, धाकट्या बहिणीच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. नाताळ नुकताच होऊन गेला होता. शाळेला सुट्टी होती म्हणून मी अमरावतीहून चार दिवस राहायला आले होते, आणि संध्याकाळी सोलेभात करायचा बेत होता. भाची अकरा वर्षांची. एक दाणा टोपल्यात, एक तोंडात, असं तिचं सोलणं चाललं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी सैतानाले आगीत टाकतीन ना, तवा तो ज्याच्यात बसला असन त्याले बी टाकतीन का?"

"कोनात बसला वं सैतान? तुह्या बापात?" मी थट्टेने म्हटलं.

"माह्यात," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

लेकरू रडलं असतं, ओरडलं असतं, तर मला काहीतरी सुचलं असतं. ती अगदी शांतपणे बोलली. जणू तिचा त्यावर पुष्कळ विचार करून झाला होता आणि आता फक्त खात्री करून घ्यायची राहिली होती. पोरीला दुसरीत असल्यापासून फिट येत असे. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या लावून दिल्या होत्या आणि त्या चुकवायच्या नाहीत, मनाने बंद तर मुळीच करायच्या नाहीत, असं बजावलं होतं. गोळ्या सुरू झाल्यापासून ती बरी होती, शाळेत धावण्याच्या शर्यतीतही पळत होती. मी विचारलं, "सकाळची गोळी घेतली का तू?"

"बंद झाली ना. आईनं देवाले देऊन टाकली."

पुढे काय झालं ते सांगण्याआधी मला माझ्या स्वतःच्या भीतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर कुणी म्हणेल, ही बाई शिकलेली, शाळेत गणित शिकवते, हिने तिथल्या तिथे सगळ्यांना खडसावलं का नाही. मी माणसांवर रागावते, चारचौघांत तोंड सोडते, त्यात मला कुणी हरवणार नाही. पण देवाचं नाव निघालं की माझी बोबडी वळते. हे आमच्या घरातच मुरलेलं आहे. आमच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीची भाकर वाटतात, आणि मनात कुणाशी तंटा ठेवून ती भाकर खाल्ली तर माणूस आपल्याच हाताने आपला न्याय ओढवून घेतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून आदल्या शनिवारी संध्याकाळी आई आम्हा दोघी बहिणींना समोर बसवायची आणि विचारायची, "कोनासंग तंटा आहे?" मग ज्या मैत्रिणीशी बोलणं बंद असेल तिच्या घरी जाऊन सलाम, म्हणजे आमच्यातला नमस्कार, करून यायचं. मोठ्यांनीही जायचं. एकदा बाबा नळावरून भांडण झालेल्या शेजाऱ्याकडे असे गेले होते. तो हिंदू माणूस, त्याला काहीच कळेना, त्याने बाबांना चहा पाजला.

मेंढरांची आणि शेरडांची गोष्टही आईनेच सांगितली. शेवटच्या दिवशी राजा सिंहासनावर बसेल, मेंढरं उजवीकडे काढेल, शेरडं डावीकडे, आणि डावीकडच्यांना कायमच्या आगीत जावं लागेल. आमच्या घरी तेव्हा दुधासाठी एक बकरी होती. मी तिच्या गळ्यात पडून इतकी रडले की आईला सांगावं लागलं, "अवं, ते जनावराचं नाही, मानसाचं आहे." त्याने माझं समाधान झालं नाही. उलट आजवर बकरीची होती ती भीती आता माझी झाली.

आणि एकदा शाळेतून आले तर दार सताड उघडं, चुलीवर वरण उकळतंय, आईच्या चपला दारात, आणि घरात चिटपाखरू नाही. मी समजून गेले. शेवटच्या दिवसाचा कर्णा वाजला, प्रभू आला, आईला घेऊन गेला आणि मी मागे राहिले. मी खाटेखाली जाऊन बसले. आई शेजारी वाळत घातलेल्या वड्या गोळा करायला अनवाणीच गेली होती, ती आली आणि तिने मला ओढून बाहेर काढलं. मी का रडते ते कळल्यावर ती हसली नाही. तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, "मी तुले सोडून जाईन काय वं?" तेव्हा मी चौथीत असेन. खाटेखालचा तो अंधार आजही मला ठाऊक आहे. ओट्यावर शेंगा सोलणाऱ्या त्या पोरीच्या डोळ्यांत मला तोच दिसला.

मी टोपलं तिथेच ठेवलं आणि आत बहिणीकडे गेले.

बहीण आणि तिचा नवरा गेल्या वर्षापासून बार्शीटाकळी रस्त्यावरच्या एका नव्या प्रार्थना-सभेला जात होते. टिनाचा मोठा हॉल, ढोलक, कीबोर्ड, माइक. तिथे सलाम कुणी म्हणत नाही, 'प्रभूची स्तुती असो' म्हणतात. सभा चालवणाऱ्याला सगळे 'बंधू' म्हणायचे. बहिणीने कणीक मळता मळता, माझ्याकडे न पाहता सगळं सांगितलं. उपास-प्रार्थनेच्या दिवशी बंधूंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, तेल लावलं, आणि म्हणाले की हा आजार नाही, दुष्ट आत्मा आहे. विश्वास असेल तर बरी होण्याची वाट पाहू नका, आधी साक्ष द्या, बरं होणं मागून येईल. हिने गोळ्यांची पट्टी पर्समधून काढून समोरच्या टेबलावर ठेवली, माइक हातात घेतला आणि भर सभेत सांगितलं, "माही पोरगी बरी झाली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी तिथेच उभी होती.

"अवं पन बरी झाली नव्हती ना!" मी म्हटलं.

"साक्ष अशीच देतात. विश्वासानं."

"आता दे तिले गोळी. आत्ताच्या आत्ता."

तिने कणकेचे हात तसेच गालाला लावले. "कशी देऊ ताई? आता गोळी देली त माही साक्ष खोटी झाली. मानसापुढं नाही देली मी ते, देवापुढं देली."

ज्यांनी ते भय घेतलं नाही त्यांना हे कळायचं नाही. शास्त्रात, म्हणजे बायबलात, एक नवरा-बायको आहेत. मंडळीपुढे देवाशी खोटं बोलले आणि जागच्या जागी मरून पडले. रविवारच्या शाळेत ती गोष्ट आम्ही दोघी एकाच सतरंजीवर बसून शिकलो होतो. बहीण मूर्ख नव्हती. दोन भयांच्या मधे ती सापडली होती, आणि त्यातलं मोठं भय देवाचं होतं. मी तिला म्हणू शकले असते की असं काही होत नसतं. पण तसं मला तरी कुठे ठामपणे वाटत होतं?

रविवारी मी त्यांच्याबरोबर हॉलमध्ये गेले. जाताना मनाची तयारी अशी होती की तिथे एखादा लुच्चा भेटेल, पैसे उकळणारा, अंगठ्या घातलेला, आणि मग मी त्याला असं धुऊन काढीन की बार्शीटाकळीपर्यंत ऐकू जाईल. तसा कुणीच भेटला नाही. बंधू हडकुळे, मऊ बोलणारे गृहस्थ होते, पुण्याकडचे असावेत. मला गुडघ्याचा त्रास आहे हे बहिणीकडून कळल्यावर त्यांनी स्वतः खुर्ची आणून दिली. पेटीत पैसे टाकायला कुणाला म्हटलं नाही. बायका माझ्या भाचीला जवळ घेत होत्या, तिच्या वेणीला हात लावत होत्या. एकीने तिच्यासाठी घरून तिळाची पोळी आणली होती. बंधू पोरीसाठी प्रार्थना करताना रडले, आणि ते रडणं खरं होतं. तो लबाड असता तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं. मी त्या हॉलमध्ये दुष्टपणा शोधत होते आणि तो कुणाच्याच तोंडावर नव्हता. सगळ्यांचं पोरीवर प्रेम होतं आणि सगळे मिळून तिला मारत होते. असं भय मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

बंधू त्या दिवशी न्यायाविषयी बोलले. वाईट हे भाडेकरूसारखं असतं, म्हणाले, शंकेने त्याला दार उघडून मिळतं आणि भीतीवर ते पोसतं. जो दुसऱ्याच्या विश्वासात शंका घालतो त्याला त्या दिवशी जाब द्यावा लागेल. ते माझ्याकडे पाहतही नव्हते, तरी ते मलाच म्हणताहेत असं वाटलं. मी उठून बोलायचं ठरवलं होतं. मी उठले नाही.

शेवटचं गाणं चालू असताना भाचीची मान वाकडी झाली आणि ती खाली कोसळली.

लोकांनी गाणं थांबवलं नाही, उलट आवाज चढवला. "निघून राहिला! सैतान निघून राहिला!" कुणीतरी ओरडलं, आणि त्या आवाजात आनंद होता. मी गुडघा विसरून फरशीवर बसले, पोरीला कुशीवर केलं, तिची लाळ माझ्या साडीवर घेतली. पूर्वीची फिट थोड्या वेळात ओसरायची. ही थांबेना. पोरीचे ओठ निळे पडू लागले. मी "रिक्षा आना, रिक्षा!" असं ओरडत होते आणि ढोलकीत ते कुणाला ऐकू जात नव्हतं. शेवटी जावई, बहिणीचा नवरा, भानावर आला. तो गर्दी रेटत आत शिरला, काही न बोलता त्याने पोरीला उचललं आणि पळत सुटला. रिक्षात तो सारखा तिच्या नाकाशी हात नेऊन पाहत होता.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर ती शांत झाली. डॉक्टर बाईंनी विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? त्यांनी त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या आणि सांगितलं की पुढच्या वेळी आम्ही वेळेवर पोचू याची खात्री त्या देऊ शकत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आता तरी प्रश्न मिटला. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी पोरीला घरी आणलं तर सभेतल्या बायका पपया, संत्री घेऊन हजर. त्यांचं म्हणणं, निघताना आत्मा असाच झटापट करतो, आता पोरगी मोकळी झाली, आता गोळी दिली तर तो सात पटीने परत येईल. बहीण गोळ्यांची नवी पट्टी मुठीत धरून उभी होती. तिची मूठ उघडेना. मी स्वयंपाकघरात जाऊन अमरावतीला घरी असलेल्या आईला फोन लावला.

सगळं ऐकून आई एवढंच म्हणाली, "मी येतो." आमच्याकडे बायाही येतोच म्हणतात.

ती बडनेरा-मूर्तिजापूरवरून एस.टी.ने एकटी आली, सत्तरी उलटलेली बाई, हातात एक पिशवी. आल्या आल्या तिने बहिणीच्या मुठीतून पट्टी काढून घेतली, एक गोळी काढली आणि पाण्याचा पेला घेऊन नातीसमोर बसली. नातीने तिलाही तेच विचारलं, "आजी, सैतानासंग मले बी टाकतीन का?" आईने पेला पुढे केला. "घे," म्हणाली. पोरीने गोळी गिळली. मी पाहिलं, आईचा चेहरा खाटेखालून मला ओढून काढलं त्या दिवशी झाला होता तसा झाला होता.

आठवडाभर तिने आपल्या हाताने गोळ्या दिल्या; मीही शाळेत रजा कळवून थांबले. बहीण त्या वेळी दुसऱ्या खोलीत जायची. जणू पाहिलं नाही तर दिली नाही. शनिवारी आई मला म्हणाली, "मी अमरावतीले गेलो की हे पुन्हा बंद करतीन. जोवर ती साक्ष उभी आहे तोवर हे पोरगी वाचत नाही. साक्ष मोडा लागते."

"ती नाही मोडनार. ती भेते."

"भेनारच. मी शिकवलं ना तिले भ्यायले." मग तिने पदर खोचला. "मी मोडतो."

रविवारी सभेत साक्षीची वेळ आली तेव्हा आई उठली. तिने माइक घेतला नाही, पण तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"माह्या पोरीनं इथं साक्ष देली का लेकरू बरं झालं," ती म्हणाली. "लेकरू बरं नाही झालं. ते गोळीवर आहे. गोळी मी देतो, रोज, माह्या हातानं, अन् मी नसन तवा तिची माय देईन. तिले मी तसं सांगून राहिलो. साक्ष खोटी झाली असन, त ती मी केली. हिच्या नावावर नका लिहू. त्या दिवशी इचारायचं ते मले इचारा."

बंधू पुढे आले. ते रागावले नव्हते, घाबरले होते. "आजी," ते हळू म्हणाले, "तुम्ही स्वतःवर काय ओढवून घेताय, कळतंय का तुम्हाला?"

"कळते ना बाप्पा," आई म्हणाली. "मनून त पाय कापून राहिले."

खरंच कापत होते. मी शेजारी होते, मला दिसत होतं. ही बाई न्यायाच्या दिवसावर माझ्यासारखा अर्धामुर्धा नाही, पुरता विश्वास ठेवते. ती आग तिच्यासाठी अकोला स्टेशनाइतकी खरी आहे. आणि सगळं ठाऊक असून ती तिथे उभी राहून त्या आगीकडे चालत गेली होती. बहीण तोंडावर पदर घेऊन रडत होती. जावई उठला, सासूच्या हाताला धरून तिला दारापर्यंत घेऊन गेला, आणि आम्ही सगळे तिच्या मागोमाग बाहेर पडलो. बहीण आणि जावई पुन्हा त्या सभेला गेले नाहीत. त्या संध्याकाळची गोळी बहिणीने दिली. पाणी सांडलं, पण दिली.

आम्ही दोघी अमरावतीला परतलो. तेव्हापासून भाची रोज संध्याकाळी गोळी घेतली की आजीला फोन करून सांगते. मला वाटलं, सुटलो.

मग प्रभुभोजनाआधीचा शनिवार आला. आता घरात आम्ही दोघीच, तरी आई अजून विचारते. मी म्हटलं, माझा कुणाशी तंटा नाही. मग प्रथेप्रमाणे मी तिला विचारलं.

"आहे," ती म्हणाली.

"कोनासंग? त्या बंधूसंग?"

"तो गरीब मानूस आहे. त्याले काय कळते." ती खिडकीबाहेर पाहत होती. "देवासंग."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"एवढंसं लेकरू," आई म्हणाली, "रातंदिवस आगीले भेऊन राहिलं होतं. कोनाच्या नावानं? त्याच्याच. त्यानं ऐकलं असन ना ते? मंग काऊन गप्प बसला? मले ते इचारायचं आहे. ते मिटल्याबिगर मी भाकर कशी खाऊ?"

दुसऱ्या दिवशी देवळात, आमच्या चर्चमध्ये, भाकरीची थाळी आमच्या रांगेत आली. आईने ती माझ्या हातातून घेतली आणि तशीच पुढच्या बाईकडे दिली. जन्मात तिने असं केलं नव्हतं. पाळकांनी पाहिलं, दोन-तीन माना वळल्या. मी घेतलेला तुकडा तसाच जिभेवर धरून ठेवला. आईचं वय झालं आहे, तिला दम लागतो, जिन्यात ती दोनदा थांबते. हा तंटा मिटायच्या आत तिला काही झालं तर? चौथीतल्या पोरीसारखी मी मनात कर्ण्याचा आवाज ऐकत बसले.

घरी येतानाही मी तिला समजावलं, विनवलं, शेवटी चिडले. ती नुसती चालत राहिली.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. आईला कमी ऐकू येतं म्हणून ती फोन मोठ्या आवाजावर ठेवते. गोळी घेतली, जेवण झालं, चाचणीचे मार्क सांगून झाले. मग म्हणाली, "आजी, तू मले ते सांगितलंच नाही. टाकतीन का मले?"

आईने फोन तोंडाजवळ आणला.

"तुले टाकलं ना माय, त मी शेरडांच्या बाजूले आधीच जाऊन बसतो. तुही वाट पाहत. एकटी नाही राहत तू तिथं."

पलीकडे पोरगी हसली. खदखदून, पूर्वीसारखी. "आजी, तू बी ना!" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मला हसता आलं नाही. मी आईकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.